बालकाच्या भूमितीतील क्रमाचा प्रश्न : फ्रोबेल, पियाजे आणि व्हान हीले

१

बालकांच्या गणितशिक्षणाचा विचार करताना अंकगणिताला अग्रस्थान देण्याची प्रथा जुनी आहे. उजळणी, पाढे आणि तोंडी हिशेब यांतच प्राथमिक शाळेचे गणित बहुतांशी सामावले जाते. भूमिती हा कंपासपेटी हाती आल्यानंतरचा विषय होय, अशी समजूत अद्यापि पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यापूर्वी जे काही शिकविले जाते ते आकारांच्या नावांपुरते असते : हे वर्तुळ, हा त्रिकोण, हा चौकोन. तक्त्यावरील चित्रांवर बोट ठेवून बालकाने ही नावे बिनचूक सांगितली, की त्याला ‘आकार आले’ असे मानण्यात येते. परंतु तोच चौरस कोपऱ्यावर उभा करून दाखविला, की तेच बालक त्याला चौरस म्हणावयास तयार होत नाही. त्याच्या दृष्टीने ती शंकरपाळी झालेली असते. मग त्याला जे आले होते ते काय, हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाच्या मुळाशी क्रमाचा प्रश्न आहे. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वां’चा आरंभ बिंदूपासून होतो, नंतर रेषा, नंतर पृष्ठ, आणि घनाकृतींचा विचार थेट अकराव्या ग्रंथात येतो. तर्काच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष मानला, तरी बालकाच्या अनुभवात बिंदू कोठेच नसतो. त्याच्या हाती येतात त्या वाटी, चेंडू, विटेचा तुकडा, काड्यापेटी अशा घन वस्तू. तेव्हा शिक्षणाचा क्रम शास्त्राच्या रचनेवरून ठरवावा, बालकाच्या वयावरून ठरवावा, की अन्य कशावरून, हे ठरविणे प्राप्त होते. गेल्या दोन शतकांत या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांपैकी तीन विशेष महत्त्वाची आहेत : फ्रीड्रिख फ्रोबेल यांचे साहित्यरूप उत्तर, झां पियाजे व बार्बेल इन्हेल्डर यांचे मानसशास्त्रीय उत्तर आणि पीअर व दीना व्हान हीले या दांपत्याचे अध्यापनशास्त्रीय उत्तर. तिन्हींचे गुणदोष तपासले असता असे दिसते, की क्रमाचे खरे स्थान कृतीकडून शब्दाकडे होणाऱ्या प्रवासात आहे आणि तो प्रवास घडवून आणणे हे अध्यापनाचे कार्य आहे. वय त्याला अनुकूल असू शकते. पण वय तो प्रवास आपोआप घडवीत नाही.

हा वाद केवळ तात्त्विक नाही. ‘अजून वय झाले नाही’ असे म्हणून एखाद्या बालकापासून विषय दूर ठेवला जातो, तर दुसऱ्याला नावे पाठ आहेत म्हणून तो विषय झाला असे समजले जाते. दोघांचेही नुकसान होते, आणि ते ध्यानात येते ते आठवी-नववीत सिद्धतेपाशी विद्यार्थी अडतो तेव्हा.

२

फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था काढली व १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. तत्पूर्वी इव्हेर्दाँ येथे पेस्टालॉत्सी यांच्या सहवासात त्यांचा काही काळ गेला होता आणि बर्लिन येथे ख्रिस्टियान वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी स्फटिकांचा अभ्यास केला होता. या दोन्ही गोष्टींचा ठसा त्यांच्या ‘देणग्यां’वर, म्हणजे बालकांसाठी योजलेल्या क्रमबद्ध साहित्यावर, स्पष्ट उमटलेला आहे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरीत लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन. तिसरीत आठ लहान घनांमध्ये विभागलेला एक घन. चौथीत तसाच, परंतु आठ चपट्या विटांमध्ये विभागलेला. पाचव्या व सहाव्या देणगीत ही विभागणी अधिक गुंतागुंतीची होते. त्यानंतर लाकडी पातळ फरशा, काड्या, वलये आणि अखेरीस बिंदूंच्या ठिकाणी ठेवावयाचे लहान दाणे. घनाकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे, रेषेकडून बिंदूकडे असा हा मार्ग आहे. युक्लिडचा क्रम येथे नेमका उलटा झाला आहे, आणि तो सहेतुक उलटविला आहे.

या साहित्याचे सामर्थ्य पाहावयाचे तर तिसरी देणगीच पुरेशी आहे. आठ लहान घन एकत्र ठेवले, की मोठा घन होतो. तेच एका ओळीत मांडले, की लांब भिंत होते. चार-चारांच्या दोन ओळी केल्या, की ओटा होतो. लाकूड तेवढेच राहते, परंतु बाहेरून दिसणारे लहान चौरस मोजले तर मोठ्या घनाला ते २४ असतात, ओट्याला २८ आणि भिंतीला ३४. पाच वर्षांच्या बालकाने ही मोजणी करावी असे कोणी म्हणणार नाही. तथापि आकारमान तेच राहून पृष्ठ बदलते, या गोष्टीचा अनुभव त्याच्या हातांना मिळालेला असतो, आणि पुढे केव्हातरी या अनुभवाला शब्द मिळू शकतो. फ्रोबेल यांनी या मांडणीचे तीन प्रकार मानले होते : जीवनातील वस्तूंचे आकार, सौंदर्याचे आकार आणि ज्ञानाचे आकार. एकाच आठ तुकड्यांतून खुर्ची, नक्षी आणि अर्धा-पाव-अष्टमांश हे विभाग निर्माण होतात, ही कल्पना शिक्षणाच्या इतिहासात मोलाची ठरली आहे.

दोष शिरला तो दोन वाटांनी. पहिली वाट फ्रोबेल यांच्या तत्त्वज्ञानाची. गोल हे विश्वैक्याचे प्रतीक, घन हा त्याचा विरोधी आणि वृत्तचिती ही दोहोंचा समन्वय, अशी त्यांची धारणा होती. बालक चेंडू हाताळते तेव्हा त्याच्या मनात ऐक्याची कल्पना जागृत होते, हे मानण्यास आधार नाही. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१६ सालच्या आपल्या परीक्षणग्रंथात या प्रतीकवादावर कठोर टीका केली, ती योग्यच होती. दुसरी वाट अनुयायांची. चौकटी आखलेल्या मेजांवर सर्व बालकांनी एकाच वेळी, शिक्षिकेच्या सूचनेबरहुकूम, ठरलेली मांडणी करावयाची, असा परिपाठ अनेक ठिकाणी रूढ झाला. साहित्य प्रयोगासाठी होते, त्याचे कवाईतीत रूपांतर झाले. यावरून असे अनुमान निघते, की योग्य क्रमाने लावलेले साहित्य हातात दिल्याने भूमितीचे ज्ञान आपोआप होत नाही. हात काय करतो याबरोबर त्या वेळी कोणता प्रश्न विचारला जातो, यालाही तितकेच महत्त्व आहे.

फ्रोबेल यांच्या कल्पनेचे मोल कवाईतीपलीकडे कसे टिकले, याचे एक उदाहरण भारतातील आहे. मद्रास येथे १८९३ साली टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. या ग्रंथाची कल्पना किंडरगार्टनमधील घडीकामाच्या देणगीवरून सुचली, असे ग्रंथकाराने नमूद केले आहे. फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली व पुढे अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने तेथे माँटेसरी पद्धतीला परिसरात सहज मिळणाऱ्या साहित्याची जोड देण्यात आली. क्रम महत्त्वाचा आहे, पेटी महत्त्वाची नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून सिद्ध होते.

३

बालकाच्या मनात अवकाशाची कल्पना कशी घडते, याचा पद्धतशीर शोध पियाजे आणि इन्हेल्डर यांनी घेतला. त्यांचा अवकाशकल्पनेवरील फ्रेंच ग्रंथ १९४८ साली आणि त्याचा इंग्रजी अनुवाद १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य सिद्धांत थोडक्यात असा : भूमितीच्या इतिहासात युक्लिडची भूमिती प्रथम, प्रक्षेपीय भूमिती नंतर आणि टोपॉलॉजी सर्वांत शेवटी आली, बालकाच्या मनोविकासात मात्र हा क्रम उलट असतो. जवळ-दूर, वेगळेपण, अनुक्रम, आत-बाहेर आणि अखंडता हे टोपॉलॉजीतील संबंध त्याला आधी उमगतात; सरळपणा, कोन, लांबी, समांतरता यांची कल्पना पुढे येते.

या सिद्धांतासाठी दिलेले पुरावे कल्पक आहेत. पडद्याआड ठेवलेली वस्तू बालकाने केवळ स्पर्शाने चाचपावयाची आणि तिची जोडी ओळखावयाची. या प्रयोगात भोक असलेले व नसलेले, उघडे व मिटलेले आकार लहान मुले आधी वेगळे करतात, चौरस व समभुज चौकोन यांतील भेद त्यांना पुष्कळ उशिरा कळतो. चित्रांच्या प्रयोगात साडेतीन-चार वर्षांची मुले वर्तुळ, चौरस आणि त्रिकोण यांपैकी काहीही दाखविले तरी एक मिटलेली वेडीवाकडी रेघ काढतात. परंतु मोठ्या वर्तुळाच्या आत, बाहेर किंवा कडेवर असलेले लहान वर्तुळ मात्र योग्य जागी काढतात. तीन डोंगरांच्या प्रतिकृतीचा प्रयोग तर सुप्रसिद्ध आहे : बाहुली दुसऱ्या बाजूला बसविली असता तिला देखावा कसा दिसेल, हे सांगताना लहान मूल स्वतःला दिसणारेच चित्र निवडते.

या सिद्धांताची चिकित्सा तीन अंगांनी करता येते. पहिला आक्षेप गणिताचा आहे. टोपॉलॉजी ही रबरी पत्र्यावरील भूमिती समजली जाते : पत्रा ताणला, वाकविला, तरी जे गुण टिकतात तेवढेच तिचे विषय. अशा पत्र्यावर जवळचे दोन बिंदू ताणाने कितीही दूर जाऊ शकतात. तेव्हा ‘जवळ असणे’ हा संबंध सर्वसाधारण अर्थाने टोपॉलॉजीचा ठरत नाही, तो अंतराच्या कल्पनेवर अवलंबून राहतो. लॅरी मार्टिन यांनी १९७६ साली पियाजेंच्या प्रयोगांचे गणितीय परीक्षण केले, त्यात परिभाषेच्या या सैल वापरावरच बोट ठेवले होते. बालक आत आणि बाहेर यांतील भेद जाणते, हे निरीक्षण खरे असेल. पण त्यावरून त्याची भूमिती ‘टोपॉलॉजीची’ आहे, हे विधान फार पुढचे आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या अर्थासंबंधी आहे. चौरस काढता न येणे आणि चौरसाची कल्पना नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सरळ रेघ ओढून ठरावीक जागी थांबणे व तेथून दुसऱ्या दिशेला वळणे हे लहान हाताला अवघड असते. तोच हात समोर ठेवलेल्या आकारांतून चौरस सहज उचलून देतो. याला पियाजेंच्या बाजूने उत्तर आहे, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल : डोळ्यांनी ओळखणे वेगळे व मनात कल्पना उभी करणे वेगळे, असा भेद त्यांनी स्वतःच केलेला आहे, आणि चित्राकडे ते दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून पाहतात. तरीही प्रश्न शिल्लक राहतो. कल्पना उभी करण्याची मागणी हाताच्या कौशल्यावाटेच केली, तर अपयशाचा दोष कल्पनेकडे किती आणि हाताकडे किती, याचा निवाडा होऊ शकत नाही. के. लोवेल यांनी १९५९ साली इंग्लंडमध्ये केलेल्या पडताळणीतही या सिद्धांताला सर्वत्र दुजोरा मिळाला नाही.

तिसरा आक्षेप प्रसंगाच्या अर्थपूर्णतेविषयी आहे. मार्टिन ह्यूज यांनी डोंगरांऐवजी काटकोनात एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती ठेवल्या, दोन शिपायांच्या बाहुल्या उभ्या केल्या आणि एका मुलाची बाहुली दोघांच्याही नजरेआड लपविण्यास सांगितले. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांची सुमारे ९० टक्के उत्तरे बरोबर आली. मार्गारेट डोनाल्डसन यांच्या १९७८ सालच्या ग्रंथात हे वृत्त आले आहे. हेलन बोर्क यांच्या १९७५ सालच्या प्रयोगात परिचित खेळण्यांचा देखावा फिरत्या पाटावर ठेवला असता तीन-चार वर्षांची मुलेही पुष्कळ अंशी यशस्वी झाली. डोंगरांच्या देखाव्यात मात्र तीच मुले अडखळली. दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची शक्ती या वयात नसते असे नाही. ती कोणत्या कामात व कोणत्या साधनाने प्रकट करावयास सांगितली जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. शिपायांचा प्रयोग डोंगरांच्या प्रयोगाइतका कठीण नाही, हेही खरे आहे : एकात दिसते की नाही एवढेच सांगावयाचे असते, दुसऱ्यात कसे दिसते ते सांगावयाचे असते. परंतु या दोन कामांमधील अंतर हाच अध्यापनाचा प्रांत होय, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

वयाच्या निकषाची मर्यादा पाण्याच्या पातळीच्या प्रयोगात अधिक स्पष्ट होते. बाटली कलती केली, की आतील पाण्याची रेघ बालक बाटलीच्या तळाला समांतर काढते. आडवे आणि उभे यांची स्थिर चौकट सुमारे नऊ वर्षांच्या वयात तयार होते, असे पियाजे यांनी मानले. परंतु पुढील संशोधनात महाविद्यालयीन विद्यार्थीही याच चाचणीत मोठ्या संख्येने चुकल्याचे आढळले. जे ज्ञान वयाबरोबर आपोआप पिकते, ते विसाव्या वर्षीही कच्चे कसे राहते, याचा खुलासा वयाच्या पायऱ्यांनी होत नाही. गवंडी आपल्या ओळंब्याने व पाणसळीने उभे-आडवे ठरवितो. म्हणजे या कल्पना साधनाच्या आणि कामाच्या आधाराने मनात स्थिर होतात. शाळेत त्या साधनाविना केवळ व्याख्येने याव्यात, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पियाजेंच्या ग्रंथाचा व्यवहारातील परिणाम दुहेरी झाला. १९६० नंतरच्या ‘नव्या गणिता’च्या लाटेत काही पाठ्यक्रमांनी लहान मुलांच्या पुस्तकांत उघड्या व मिटलेल्या वक्ररेषांना अग्रस्थान दिले, संशोधकाचे निरीक्षण अशा रीतीने थेट धड्याचे शीर्षक बनले. दुसरीकडे, बालक अद्याप त्या अवस्थेला पोहोचलेले नाही या समजुतीने माप, कोन व दृष्टिकोन यांचे साधे अनुभवही लांबणीवर पडले. या दोन्ही गोष्टींची जबाबदारी सर्वस्वी पियाजेंवर टाकता येणार नाही. ज्ञान कृतीतून घडते, हे त्यांचे मूलभूत प्रतिपादन आजही ग्राह्य आहे. अग्राह्य आहे ते कृतीचे वेळापत्रक.

४

व्हान हीले दांपत्याचे प्रबंध १९५७ साली उत्रेख्त विद्यापीठाला सादर झाले. दोघेही माध्यमिक शाळेत गणित शिकवीत, आणि त्यांचा प्रश्न वर्गातूनच आला होता : शिक्षक स्पष्ट बोलत असताही विद्यार्थ्याला भूमिती का कळत नाही? पीअर व्हान हीले यांचे उत्तर असे, की विचाराच्या पातळ्या भिन्न असतात आणि प्रत्येक पातळीची भाषा वेगळी असते. पहिल्या पातळीवर आकृती तिच्या एकंदर रूपावरून ओळखली जाते. दुसरीवर तिचे गुणधर्म दिसतात. तिसरीवर त्या गुणधर्मांचे परस्परसंबंध कळतात आणि व्याख्येला अर्थ येतो. त्यापुढे सिद्धतेची रचना आणि सर्वांत वर निरनिराळ्या भूमितींची तुलना. मूळच्या या पाच पातळ्या त्यांनी आपल्या १९८६ सालच्या ग्रंथात तीनवर आणल्या.

या विचाराचे बळ एका उदाहरणावरून कळते. ‘चौरस हा आयत असतो’ हे वाक्य शिक्षकाच्या पातळीवर खरे आहे. रूपावरून ओळखणाऱ्या विद्यार्थ्याच्या पातळीवर ते उघड खोटे आहे, कारण त्याला दोन्ही वेगळे दिसतात. दोघे तेच शब्द वापरतात आणि एकमेकांना समजत नाहीत. मराठीत ही अडचण आणखी एका कारणाने वाढते. नित्याच्या बोलण्यात चौरसालाही चौकोन म्हणण्याचा प्रघात आहे. शाळेत मात्र चौकोन ही व्यापक जात ठरते आणि चौरस ही तिच्यातील एक पोटजात. दुसऱ्या बाजूने पाहता, मराठी संज्ञा पारदर्शक आहेत. ‘त्रिकोण’ या शब्दातच तीन कोन आहेत, ‘समभुज’मध्ये भुजांची समानता आहे. पण ही पारदर्शकता ज्याला गुणधर्म दिसतो त्यालाच उपयोगी पडते. ज्याला केवळ रूप दिसते त्याच्या दृष्टीने ‘त्रिकोण’ हेही इतर कोणत्याही नावासारखे एक नाव असते.

पियाजेंपासून व्हान हीले यांचा निर्णायक भेद असा, की एका पातळीवरून दुसरीवर जाणे हे वयापेक्षा अध्यापनावर अवलंबून असते, असे ते मानतात. म्हणूनच दीना व्हान हीले-खेल्डॉफ यांच्या प्रबंधाला स्वतंत्र महत्त्व आहे. त्यांनी माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गातील सुमारे बारा वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या अध्यापनाची नोंद ठेवली. त्यात घन आणि फरसबंदी यांच्यावर काम करून घेतले होते. एकाच आकाराच्या फरशांनी जमीन फट न ठेवता भरता येते का, या प्रश्नातून समांतर रेषा व कोनांची समानता यांच्यापर्यंत मुले कशी जातात, हे त्यात दिसते. साहित्य फ्रोबेल यांच्या फरशांसारखेच, परंतु हाती सूचनेऐवजी प्रश्न दिलेला, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

या विचारातही उणिवा आहेत. एक तर पातळ्यांमधील खंड जितका तीव्र मानला गेला तितका तो आढळत नाही. बर्गर व शॉनेसी यांना १९८६ सालच्या अभ्यासात काही विद्यार्थी दोन पातळ्यांमध्ये ये-जा करताना दिसले. एकाच विद्यार्थ्याची त्रिकोणासंबंधीची समज व घनासंबंधीची समज समान पातळीची असतेच असे नाही. दुसरे म्हणजे, ही मांडणी माध्यमिक वर्गाच्या अनुभवातून आली असल्यामुळे तिची पहिली पायरी फार ढोबळ राहिली. क्लेमेंट्स व सहकाऱ्यांनी १९९९ साली तीन ते सहा वर्षे वयाच्या ९७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तुळे जवळजवळ सर्व मुलांनी ओळखली. त्रिकोणांच्या बाबतीत मात्र बरोबर निवड सुमारे ६० टक्क्यांपर्यंतच होती. तरीही काही मुले कारणे देताना बाजू, टोक, कोपरा यांचा उल्लेख करीत होती. म्हणजे रूप आणि गुणधर्म या दोन पायऱ्या लहानपणीही एकमेकींत मिसळलेल्या असतात. तिसरी उणीव सर्वांत मोठी : ही सारी पायऱ्यांची रचना आकृतींची आहे. बालकाचा स्वतःच्या शरीराभोवतीचा अवकाश, म्हणजे वाट, वळण, दिशा, नकाशा, वस्तू मनात फिरवून पाहणे, यांना तिच्यात स्वतंत्र स्थान नाही.

५

या तिन्ही विचारांतून शेष राहणारा प्रश्न शब्दाचा आहे. नावे घाईने शिकविण्याचा दोष वर दाखविला. त्यावरून बालवयात भूमितीचे शब्दच नकोत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लोवेन्स्टाइन व गेंटनर यांच्या २००५ सालच्या प्रयोगांत तीन कप्प्यांच्या एका पेटीत लपविलेली जागा दुसऱ्या पेटीत शोधताना, ‘वर, आत, खाली’ असे संबंधदर्शक शब्द ऐकलेली मुले अधिक यशस्वी झाली. तेव्हा भेद केला पाहिजे तो शब्दांच्या प्रकारांत. वर, खाली, आत, कडेला, आडवे, तिरपे, सरळ, टोक, कोपरा हे शब्द संबंध आणि गुण दाखवितात. ते कृतीच्या बरोबरीने येऊ शकतात व कृतीला धार देतात. त्रिकोण, आयत, समलंब ही जातिनामे अनेक गुणांची गाठोडी आहेत. आतील सामान हाताळलेले नसताना ती दिली, तर बालक गाठोड्याचे केवळ बाह्य रूप लक्षात ठेवते.

या दृष्टीने मराठी बालकाच्या भाषेत काही साधने आधीपासूनच आहेत. ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर ठरतो. ओढ्याच्या या काठावरून जे झाड पलीकडे असते, तेच त्या काठावर गेल्यावर अलीकडे येते. डोंगरांच्या प्रयोगातील अवघड प्रश्न या जोडशब्दात घरगुती रूपात दडलेला आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत समान अंतर, ओळी, सममिती आणि उलटसुलट फिरणारी रेघ असते. ही साधने भूमितीच्या तासाला सहसा वापरली जात नाहीत, कारण भूमितीचा आरंभ तक्त्यावरील नावांपासून होतो असे ठरलेले असते.

कृतीकडून शब्दाकडे जाणे म्हणजे काय, हे एका साध्या घडीवरून पाहता येते. आयताकार कागदाची आखूड कड लांब कडेवर आणून बसविली आणि उरलेली पट्टी कापून टाकली, तर उलगडल्यावर चौरस मिळतो. सहा-सात वर्षांच्या बालकाला विचारावे : या दोन बाजू सारख्या कशावरून? ‘एक दुसरीवर नीट बसली म्हणून’ हे उत्तर त्याच्या आवाक्यातील आहे. या उत्तरात नाव नाही, व्याख्या नाही. पण कारण आहे. एक आकृती दुसरीवर बसवून समानता दाखविण्याची युक्ती युक्लिडनेही पहिल्याच ग्रंथात वापरली आहे. तो कागद कोपऱ्यावर उभा धरला, तरी ‘एक दुसरीवर बसली’ हे सत्य बदलत नाही, आणि शंकरपाळीचा प्रश्न तेथेच सुटतो. नाव त्यानंतर दिले, तर ते कारणासह दिले जाते.

अवकाशविषयक कौशल्ये उपजत असतात व शिकवून वाढत नाहीत, हा समज आता टिकणारा नाही. अट्टल व सहकाऱ्यांनी २०१३ साली २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सरावाने ही कौशल्ये सुधारतात व सुधारणा काही काळ टिकते, असे आढळले. त्यामुळे ‘या मुलाला आकृत्या जमत नाहीत’ हा शेरा मारण्यापूर्वी, त्या मुलाने आजवर किती वस्तू फिरविल्या, घड्या घातल्या, कापल्या, जोडल्या, आणि प्रत्येक वेळी ‘कशावरून’ हा प्रश्न त्याला कोणी विचारला का, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

६

सारांश, फ्रोबेल यांनी क्रम उलटवून योग्य साहित्य दिले, परंतु साहित्याला प्रतीकाचा अर्थ चिकटविला. पियाजेंनी योग्य प्रश्न विचारला, परंतु उत्तर वयाच्या पट्टीवर मांडले. व्हान हीले यांनी अध्यापनाला त्याचे स्थान परत दिले, परंतु अगदी लहान मुलाच्या अवकाशाकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही. या तिघांना एकमेकांच्या आधाराने वाचले असता, हात, प्रश्न आणि शब्द असा एक मार्ग दिसू लागतो.

भारतात २०२२ साली पायाभूत स्तरासाठी राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला, आणि तीन ते आठ वर्षे वयाचे शिक्षण एकसलग मानले गेले. अशा वेळी अभ्यासकांपुढे काम आहे ते मराठी बालक अवकाशाविषयी कसे बोलते, कोणत्या शब्दाने कोणता संबंध दाखविते, आणि घडी, रांगोळी, विटा यांच्याशी खेळताना कोणती कारणे देते, याच्या काळजीपूर्वक नोंदी करण्याचे. अशा नोंदी जमल्याखेरीज पाठ्यपुस्तकातील आकारांचा धडा सुधारणे शक्य नाही. तोवर निदान एवढे करता येईल : वर्गात त्रिकोण दाखविताना तो दर वेळी पायावरच उभा असू नये, आणि बालकाने नाव सांगितले म्हणून प्रश्न तेथेच थांबू नये.